विद्युत गिटारचा नादगुण : पिकअपच्या जोडणीचा विचार

एकाच माणसाने एकाच पट्टीत प्रथम ‘ई’ आणि मागून ‘ऊ’ हा स्वर उच्चारला, तर कंठातील स्वरतंतूंचे कंपन दोन्ही वेळी जवळजवळ सारखेच असते. तरीही ऐकणाराची गल्लत होत नाही. कारण भेद कंपनाच्या उगमात नसून मुखपोकळीत आहे. जिभेच्या व ओठांच्या ठेवणीप्रमाणे ही पोकळी काही कंप्रता उचलून धरते व काही दाबते. अशा उचललेल्या कंप्रतापट्ट्यांना स्वनविज्ञानात फॉर्मंट म्हणतात. उगम आणि गाळणी हा भाषाभ्यासकास परिचित असलेला भेद ध्यानात ठेवला असता विद्युत गिटारचा नादगुण बदलण्याच्या खटपटींचा अर्थ पुष्कळसा उलगडतो.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले, केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. वाद्याची पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात हलली की वेटोळ्यात क्षीण विद्युत्‌दाब उत्पन्न होतो व तो प्रवर्धकाकडे जातो. या तत्त्वावरील गिटारचे अमेरिकन एकस्व जॉर्ज बीचम यांना १९३७ साली मिळाले. फेंडर कंपनीच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर एकेरी वेटोळ्याची तीन पिकअप होती. एकेरी वेटोळे विजेच्या पुरवठ्यातील गुणगुणही पकडते. तिच्या निवारणार्थ गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी दोन वेटोळ्यांचे पिकअप योजले व १९५५ साली एकस्वासाठी अर्ज केला. यात दोन्ही वेटोळी परस्परविरुद्ध जोडलेली व चुंबकध्रुवही उलट ठेवलेले असतात. त्यामुळे गुणगुण आपसांत विरते, पण तारेचा नाद मात्र दोहोंचा मिळून एक होतो. यास हंबकर म्हणतात.

आता गाळणीकडे वळावयाचे. वेटोळ्याचे प्रवर्तकत्व आणि गिटारपासून प्रवर्धकापर्यंतच्या केबलची धारिता यांच्या संयोगाने परिपथात अनुनाद निर्माण होतो. अनुनादाच्या शिखराजवळचे उपस्वर उठून दिसतात व त्यावरचे झपाट्याने क्षीण होतात. गिटारचा फॉर्मंट तो हाच होय. स्ट्रॅटोकास्टरच्या जातीच्या पिकअपचे प्रवर्तकत्व २.४ हेन्री आणि एकूण धारिता ६०० पिकोफॅराड धरली, तर हे शिखर सुमारे ४,२०० हर्ट्‌झवर येते. हंबकरचे प्रवर्तकत्व ४.४ हेन्री धरल्यास ते ३,१०० हर्ट्‌झपर्यंत उतरते. पहिल्या नादास वादक खणखणीत म्हणतात, दुसऱ्यास भरदार. विशेषणांविषयी वाद घालता येतो. शिखराचे स्थान मात्र मोजता येते.

यावरून एक प्रचलित समज तपासून पाहता येतो. पिकअपची प्रतवारी सामान्यतः त्याच्या किलो-ओहममधील रोधावरून केली जाते. परंतु रोध तांब्याच्या तारेच्या जाडीवरही अवलंबून असतो. तार अधिक बारीक वापरली की तितक्याच वेढ्यांत तो वाढतो. तेव्हा केवळ त्या आकड्यावरून नादाचा निर्णय करणे योग्य नव्हे. शिवाय शिखर एकट्या पिकअपचे नसून सबंध परिपथाचे असते. वरील पहिल्या उदाहरणात केबल लांब घेऊन एकूण धारिता दुप्पट केली, की तेच पिकअप ३,००० हर्ट्‌झच्या आसपास बोलू लागते. आवाजाच्या नियंत्रकाचा रोध ५०० ऐवजी २५० किलो-ओहम ठेवला, तर शिखराची उंची कमी होते. टोनचे बटण पूर्ण उतरविले असता ०.०२२ मायक्रोफॅराडचे धारित्र परिपथात येते आणि हंबकरचे शिखर ५०० हर्ट्‌झच्या जवळ सरकते. म्हणजे हे बटण केवळ तीक्ष्णता कापते असे नव्हे. ते शिखर स्थलांतरित करते.

हंबकरची दोन्ही वेटोळी मुळात एकसर जोडलेली असतात. ती समांतर जोडल्यास, त्यांचा परस्परप्रभाव बाजूस ठेवला तर, प्रवर्तकत्व एक चतुर्थांश होते व शिखर सुमारे दुप्पट कंप्रतेवर चढते. एकच वेटोळे चालू ठेवल्यास प्रवर्तकत्व निम्मे होते. पण गुणगुण परत येते.

दोन पिकअप एकत्र जोडताना त्यांची दिशा विरुद्ध ठेवली, तर दोहोंस समान असलेला खालचा भाग वजा होऊन नाद कृश होतो. यास वादक ‘नाकातला’ म्हणतात. अनुनासिक स्वरांतही नासापोकळीच्या योगाने काही कंप्रता दबतात. त्यामुळे हे विशेषण अगदीच निराधार नाही. ब्रायन मे यांनी वडिलांच्या साहाय्याने १९६३ पासून घरी तयार केलेल्या ‘रेड स्पेशल’ गिटारमध्ये ही शक्यता पूर्णत्वास नेलेली दिसते. तीत बर्न्स कंपनीची तीन पिकअप एकसर जोडलेली असून प्रत्येकास चालू-बंद करण्याची एक व दिशा उलटविण्याची एक अशी दोन बटणे आहेत.

साम्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. बोलणारा आपली गाळणी क्षणोक्षणी बदलतो. गिटारची गाळणी वादक हात लावीपर्यंत स्थिर राहते. तसेच गाळणी उगमात नसलेले काही निर्माण करू शकत नाही. घोडीपासून तारेच्या एक चतुर्थांश अंतरावर पिकअप असेल, तर मोकळ्या तारेचा चौथा उपस्वर तेथे स्तब्ध असतो आणि कोणतीही जोडणी तो परत आणू शकत नाही.

यातून व्यवहाराचा क्रमही निघतो. केबल, नियंत्रक आणि धारित्र यांतील बदल स्वस्त असून मागे घेता येतात. पिकअप बदलणे खर्चाचे आहे. आणि जुन्या वाद्याचे लाकूड कोरून नवे पिकअप बसविले की मूळ वाद्य कायमचे गेले. म्हणून आपणांस शिखर कोठे हवे आहे हे प्रथम ठरवावे, आणि हत्यार मागून उचलावे.