उल्हासकांठचा मत्स्यविनोद

गळ टाकून मासे धरणें हा केवळ पोटाचा धंदा. सुशिक्षित माणसानें त्यांत मन घालण्यासारखें काय आहे, अशी आपल्या घरांतून सर्वसाधारण समजूत असते. जुन्या ग्रंथांचा मात्र या समजुतीस आधार नाहीं. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ नांवाचें प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचें खाद्य, काठी व दोर यांचा विचार त्यांत आला असून, सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनीं १९५१ मध्यें त्यावर विवेचक निबंध लिहिला.

आज अंबरनाथ, बदलापूर किंवा उल्हासनगर येथील एखादा मुलगा मोबाइलवर अमेरिकेंतील ‘बास’ माशाच्या शिकारीचीं चित्रें पाहतो आणि तसलीच काठी हवी म्हणून हट्ट धरतो. वडीलधाऱ्यांनीं अशा वेळीं नाक मुरडण्यापेक्षां विषय समजून घेणें बरें. बास आपल्या नदींत नाहीं. पण स्वभावानें त्याच्या जवळचा असा मरळ मासा आपल्याकडे आहे. तो पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो, मधून मधून हवा घेण्यासाठीं वर येतो, आणि बेडूक पृष्ठभागावरून जातांना दिसला कीं त्यावर झडप घालतो. म्हणूनच मरळासाठीं रबरी बेडूक वापरतात. तो वनस्पतींच्या कडेपलीकडे फेकावा व थांबत थांबत ओढीत आणावा. झडप पडतांच हिसका देण्याचा मोह आवरावा. माशानें आमिष पुरतें तोंडांत घेतल्यावर मगच काठी उचलावी. या एका क्षणाच्या संयमांतच निम्मी विद्या आहे.

साहित्याविषयीं म्हणाल, तर आरंभीं दहा-बारा फूट लांबीचा बांबू, नायलॉनचा दोर, तरंगता बुचाचा तुकडा, चिमूटभर शिसें व लहान गळ एवढें पुरे. रोहू-कटल्यास भिजविलेल्या कणकेची गोळीही चालते. तेव्हां गांडुळास हात न लावतांही शिकतां येतें. हात बसल्यावर सुमारें सात फुटांची काठी व मध्यम आकाराची चक्री घ्यावी. नायलॉनचा साधा दोर ताणला जातो व नवशिक्याच्या चुका पोटांत घालतो. विणलेला दोर ताणत नाहीं, पण वनस्पतींत अडकलेला मरळ ओढून काढावयास तोच उपयोगी. चक्रीचा रोध दोराच्या तुटण्याच्या वजनाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका ठेवावा, म्हणजे मोठा मासा धांवला तरी दोर तुटण्यापूर्वीं सुटत राहतो. गळाचा आंकडा जितका मोठा, तितका गळ लहान, ही उलटी रीतही दुकानांत जाण्यापूर्वीं ठाऊक असावी.

आतां खरा प्रश्न. ज्या घरांत मांसाहार नाहीं, तेथें हा विनोद शोभतो काय? ‘मासा धरून परत सोडला, म्हणजे दोष नाहीं’ असें उत्तर सहज दिलें जातें. पण तें पुरतें खरें नव्हे. सोडलेल्या माशांपैकीं कांहीं मागाहून मरतात. उन्हाळ्यांत कोमट पाण्यांत प्राणवायु कमी असल्यामुळें तर अधिकच. इजा कमी करणें मात्र आपल्या हातीं आहे. गळाचा उलटा कांटा पकडीनें दाबून सपाट करावा, मासा ओल्या हातानेंच धरावा, शक्यतों पाण्याबाहेर काढूंच नये, आणि छायाचित्रासाठीं त्यास ताटकळत ठेवूं नये. एवढा विवेक ज्याला जड वाटतो, त्यानें गळ हातीं न धरणेंच उचित.

ऋतूचाही विचार हवा. पहिल्या पावसांत मासे अंडीं घालण्यासाठीं उलट्या प्रवाहानें ओढ्यांत व शेतांत चढतात. ठाणें-रायगडांत यास वलगण म्हणतात. त्या वेळीं धरलेला एक मासा म्हणजे पोटांतल्या असंख्य अंड्यांचा नाश. मरळ तर पिल्लांची राखण करतो; तांबूस पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला, तर तेथें आमिष टाकणें हें पाप समजावें, कारण राखणदार गेला कीं पिल्लें इतर माशांच्या तोंडीं जातात. शिवाय नदीकांठचे कातकरी-ठाकूर यांच्या घरीं हाच मासा जेवण असतो, आणि जलाशयांतील हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानें असतात. सबब परवानगी विचारूनच बसावें.

उल्हास उन्हाळ्यांतही वाहती राहते, याचें एक कारण असें कीं, घाटावरील आंध्रा खोऱ्याचें पाणी भिवपुरीच्या वीजघरांतून तिच्या खोऱ्यांत उतरतें. त्याच घाटावर लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या मत्स्यबीज केंद्रानें १९७० नंतरच्या दशकापासून दुर्मिळ होत चाललेल्या महाशीर माशाची पैदास करून पिल्लें देशांतील अनेक जलाशयांत सोडलीं. उलट, शके ९८२ च्या शिलालेखाचें अंबरनाथचें शिवमंदिर जिच्या कांठीं उभें आहे, त्या वालधुनीची गटार झाली. २०१४ सालीं तिच्यांत सोडलेल्या रसायनांच्या वाफेनें उल्हासनगरांतील शेंकडों माणसें आजारी पडलीं. ज्या मुलानें उल्हासकांठीं तासन्‌तास पाण्याचा रंग, वास व बुडबुडे न्याहाळले आहेत, त्याला असल्या नदीची बातमी वर्तमानपत्रांतून कळावी लागत नाहीं. या छंदाचें आमच्या मतें हेंच मोठें फळ आहे.

धोक्याची सूचना शेवटीं. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हासच्या पुरांत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली व हजारावर प्रवाशांस सोडवावें लागलें. पावसाळ्याचे चार महिने काठी घरांतच ठेवावी. इतर दिवसांतही मुलांनीं एकट्यानें जाऊं नये. पहिलें वर्ष बांबूवर काढावें, व जोडीस एक वही ठेवावी. तींत दिवस, वेळ, पाण्याची स्थिति आणि दिसलेले मासे लिहावेत. न लागलेल्यांचाही हिशेब ठेवावा. वर्षअखेर ती वही घरांत सर्वांनीं वाचावी, आणि महागडी काठी घ्यावयाची कीं नाहीं, हें मग ठरवावें.