दांतांच्या फटी आणि घरची शिस्त

आमच्या बुलढाण्याच्या घरीं ज्वारीची भाकरी बारमाही आणि थंडींत हुरड्याची चंगळ. त्यामुळें दांतांत कण अडकला म्हणून ओटीवर बसून काडीनें वा टांचणीनें कोरणारी मंडळीहि कमी नसते. अशा या घरांत गेल्या वर्षीं आमच्या मातोश्रींची एक दाढ हलूं लागली व काढावी लागली. दाढेस कीड मुळींच नव्हती; हिरडीच सुटली होती. “वय झालें, आतां दांत पडायचेच,” असें त्या म्हणाल्या. दंतवैद्यांनीं मात्र सांगितलें कीं, दोष वयाचा नसून दोन दांतांमध्यें वर्षानुवर्षें सांचलेल्या मळाचा आहे. तेव्हांपासून आम्हीं या विषयाकडे लक्ष दिलें.

दंतधावन आपणांस नवें नाहीं. बारा अंगुळें लांब व करंगळीएवढी जाड काडी घ्यावी, कडू वृक्षांत निंब आणि तुरट वृक्षांत खैर श्रेष्ठ, इतका तपशील सुश्रुतसंहितेंत आहे. परंतु काडी काय किंवा ब्रश काय, दोन दांत जेथें एकमेकांस टेकतात तेथें तो नीट पोंचत नाहीं. तेथें जंतूंचा चिकट थर बसतो. तो वेळीं न काढल्यास लाळेंतील क्षारांनीं कठीण होतो, आणि मग घरच्या उपायांनीं निघत नाहीं. यासाठीं मेण लावलेला रेशमी दोरा वापरावा, असें अमेरिकेंतील दंतवैद्य लेव्ही स्पीअर पार्मली यांनीं इ. स. १८१९ च्या आपल्या ग्रंथांत लिहिलें. पुढें रेशमाची जागा नायलॉननें घेतली; हाच आजचा ‘फ्लॉस’.

हा दोरा म्हणजे रामबाण नव्हे. कॉक्रेन या संस्थेनें इ. स. २०१९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आढाव्यांत, ब्रशाबरोबर दोरा वापरल्यास हिरड्यांची सूज कमी होऊं शकते, परंतु पुरावा फारसा बळकट नाहीं, असाच निष्कर्ष आहे. म्हणून दोऱ्यानें ब्रशाची जागा घेऊं नये. त्यास साथ द्यावी.

रीत सोपी आहे. हातभर, म्हणजे सुमारें अठरा इंच, दोरा घेऊन दोन्हीं मधल्या बोटांस गुंडाळावा. अंगठा व तर्जनी यांमध्यें इंचभर ताणून तो फटींत हलके मागेंपुढें करीत उतरवावा. एकदम दाबूं नये. मग चंद्रकोरीसारखा एका दांतास वळवून वरखालीं फिरवावा, नंतर शेजारच्या दांतास. प्रत्येक फटीस दोऱ्याचा नवा भाग घ्यावा. शिवणाचा दोरा मात्र वापरूं नये; त्यानें हिरडी कापते. आरंभीं थोडें रक्त येतें, तेवढ्यानें सोडूं नये. दोन आठवड्यांतहि न थांबल्यास दंतवैद्यांस दाखवावें. मधुमेही माणसांनीं तर हिरड्यांस विशेष जपावें. एक व्याधि दुसरीस बळ देते.

खरी अडचण रीतीची नव्हे, नेमाची. प्रथम आम्हीं सकाळची वेळ ठरविली. परंतु एक मोरी, तेरा माणसें, मुलांची शाळा आणि पुरुषांची कचेरी! आठवड्यांत नेम मोडला. नंतर डबी कपाटांत ठेवली, तर तिचा विसरच पडला. शेवटीं डबी मोरीजवळच्या आरशाखालीं, ब्रशांच्या शेजारीं ठेवली आणि रात्रीं निजण्यापूर्वीं ब्रश झाला कीं लगेच दोरा, असा क्रम बांधला. जुन्या संवयीच्या पाठीवर बसल्यावर नवी संवय आपोआप चालूं लागली. लहान मुलांचें काम वडील माणूस करतो. मातोश्रींचीं बोटें संधिवातानें वळत नाहींत. त्यांस दोरा ताणून बसविलेली छोटी दांडी दिली, आणि जेथें फटी रुंद आहेत तेथें त्या बारीक ब्रश वापरतात. एखादी रात्र चुकली तर आम्हीं कोणास बोल लावीत नाहीं. दुसऱ्या रात्रीं पुन्हां आरंभ करावा, एवढेंच.

मातोश्रींच्या हिरड्यांतून येणारें रक्त आतां थांबलें आहे. गेलेली दाढ परत यावयाची नाहीं. पण रात्रीं नातवंडांची डबीभोवतीं गर्दी झाली म्हणजे त्याच पुढें होऊन प्रत्येकास हातभर दोरा मोजून देतात. “वय झालें, दांत पडायचेच,” हे शब्द मात्र त्यांच्या तोंडून पुन्हां ऐकूं आले नाहींत.