काचेच्या टाकीतील हिरवळ

झाशीच्या राणीचे नाव धारण करणारी लक्ष्मीबाई नगर ही दक्षिण दिल्लीतील सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. अशा वसाहतींत घर सरकारचे आणि मुक्काम बदलीच्या हुकुमापर्यंतचा. त्यामुळे बागेची हौस बहुधा मनातच राहते. दोन फूट लांबीची मत्स्यपेटी ही हौस भागवू शकते. तिच्या तळाशी हिरवळ पसरली की माशांच्या पिलांना आसरा मिळतो, विष्ठेतून निर्माण होणारी नत्रयुक्त द्रव्ये शोषली जातात आणि शेवाळाला आळा बसतो.

पाण्याखालील हिरवळीला कलेचे रूप दिले ते जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी. मात्र त्या शैलीतील अनेक नाजूक वनस्पतींना प्रखर प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर लागते. नवशिक्याने त्या वाटेस न जाता ‘ड्वार्फ सॅजिटेरिया’ ही गवतासारखी वनस्पती निवडावी. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती दिल्लीत अनेक ठिकाणी मिळणारे क्षारयुक्त, जड पाणीही सहन करते.

लागवड आणि निगा

तळाशी दोन ते तीन मिलिमीटर जाडीची धुतलेली खडी सुमारे पाच सेंटिमीटर उंचीपर्यंत पसरावी. दहा-बारा रोपे परस्परांपासून पाच-सहा सेंटिमीटर अंतरावर लावावीत. मुळे खडीत, पण पाने जेथून फुटतात तो भाग खडीच्या वर राहिला पाहिजे. तो गाडला गेल्यास रोप कुजते. दिवा रोज सात-आठ तास पुरे. अन्न मुख्यतः मुळांवाटे घेतले जात असल्याने खताच्या गोळ्या मुळांजवळ पुराव्यात. नवी पाने पिवळी पडू लागली, तर बहुधा लोहाची उणीव असते.

दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन माशांना घातक असल्याने क्लोरिननाशक द्रावण घालावे. दिल्लीच्या थंडीत उष्णकटिबंधीय माशांसाठी हीटर आवश्यक ठरतो, तर उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडल्यास तापमान काही अंशांनी उतरते.

धीराचे व्याज

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जुनी पाने विरघळू लागतात आणि अनेकजण निराश होऊन रोपे उपटतात. वस्तुतः रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढलेले रोप त्या काळात पाण्याखाली जगण्यायोग्य नवी पाने धरत असते. पुढे प्रत्येक रोप खडीलगत आडवे खोड सोडते, त्याच्या टोकाशी नवे रोप रुजते आणि तेही पुढे तसेच खोड सोडते. मुद्दलावर व्याज आणि व्याजावरही व्याज! दोन-तीन महिन्यांत तळ झाकू लागतो. अट एकच, ठेव मुदतीपूर्वी मोडावयाची नाही.

बदलीचा हुकूम येतो तेव्हा

ही बाग सोबत नेता येते. मूठभर रोपे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली, तर एक-दोन दिवसांचा प्रवास सहज सोसतात. उरलेली शेजाऱ्यांस द्यावीत. नाल्यात मात्र कदापि टाकू नयेत. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने भारतातील नद्या-तलावांचे काय केले, हे आपल्या डोळ्यांसमोर आहे, आणि दिल्लीचे नाले अखेर यमुनेसच मिळतात. नको असलेली रोपे उन्हात पूर्ण वाळवूनच टाकावीत. घरातील हिरवळीची किंमत नदीला मोजावी लागू नये.