केटी लागली, टर्म राहिली

इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरचा निकाल मोबाइलवर लागतो. वसतिगृहाच्या खोलीत चौघं जण, चौघांच्याही माना खाली. दोघांच्या गणितापुढे नापासाचा शिक्का. त्यातला एक लगेच मोठ्या बहिणीला फोन लावतो. तीही इंजिनिअर. ती म्हणते, “मलाही एम-वनला, पहिल्या गणिताला, केटी लागली होती. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागव, मार्क कुठं गेले ते बघ.” दुसऱ्याच्या फोनवर आई विचारते, “झालास ना रे पास?” तो “हो” म्हणतो आणि फोन ठेवतो. रात्री मेसला जात नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेला तो पहिलाच. केटी म्हणजे काय, हे सांगणारं त्याच्या घरी कुणी नाही.

दोघांना मार्क सारखेच. एकाच्या लेखी ती दुरुस्त करायची चूक आहे, दुसऱ्याच्या लेखी स्वतःबद्दलचा कायमचा निकाल. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांबद्दल बोलताना आपण फी, भाषा, प्रवास यांबद्दल बोलतो आणि ते बोललंच पाहिजे. पण या दोन फोनमधलं अंतर कुठल्याच अर्जात भरलं जात नाही.

केटी म्हणजे एटीकेटी. या अक्षरांचा मूळ अर्थ बघा: ‘अलाउड टू कीप टर्म्स’. टर्म राखायला परवानगी. नियम विद्यापीठागणिक बदलतात, गाभा एकच असतो: हा विषय अजून सुटलेला नाही, तरी तू पुढच्या वर्गात बस. कॅरल ड्वेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आपल्या भाषणात शिकागोतल्या एका शाळेचं उदाहरण देतात. तिथं नापास असं न लिहिता ‘अजून नाही’ असा शेरा देत. आपल्या विद्यापीठांनी तर हा ‘अजून नाही’ नियमातच घालून ठेवला आहे. खोलीत उपाशी झोपलेल्या मुलाला मात्र तो ‘तुला जमणार नाही’ असा ऐकू येतो.

ड्वेक यांचं ‘माइंडसेट’ हे पुस्तक २००६ साली आलं आणि ‘ग्रोथ माइंडसेट’ हा शब्द शिक्षकांच्या तोंडी रुळला. मराठीत त्याला वर्धिष्णू वृत्ती म्हणता येईल. शिवरायांच्या राजमुद्रेमुळे ‘वर्धिष्णू’ हा शब्द आपल्याला परका नाही. बुद्धी जन्मतः ठरलेल्या मापाची नसते, योग्य रीतीनं मेहनत केली, मदत घेतली, पद्धत बदलली की ती वाढते, अशी धारणा. ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग पाचवीतल्या मुलांवर होते. सोपी कोडी सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. मग मुद्दाम अवघड कोडी दिली आणि नंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी. हुशार म्हटलेली मुलं या शेवटच्या फेरीत आधीपेक्षा मागं पडली. मेहनतीचं कौतुक झालेली पुढं गेली.

हे वाचलं की मला आपली गावं आठवतात. वर्गात एखादं पोर चमकतं आणि सगळी आळी म्हणू लागते, “पोरगं हुशार आहे.” दहावीला चौकात फ्लेक्स लागतो. कौतुक करणाऱ्यांचा जीव त्या पोरावर असतो, त्यात खोट काहीच नाही. पण दहा वर्षं ‘हुशार’ हीच ज्याची ओळख, त्याच्याकडे शहरात आल्यावर दुसरी पुंजी नसते. इंग्रजी सराईत नाही, ओळखीपाळखी नाहीत, कपडे साधे. आपण हुशार आहोत एवढंच काय ते हाती. म्हणून तो वर्गात शंका विचारत नाही. विचारली तर तेही हातचं जाईल. सरांच्या केबिनचं दार उघडं असतं, त्याला ते आपल्यासाठी उघडं आहे असं वाटत नाही. मागं बसतो, सगळं उतरवून घेतो, रात्री एकटाच झगडतो. कॉलेज म्हणतं, मुलगा बुजरा आहे, पाया कच्चा आहे. माझ्या मते हे निदान चूक आहे.

असंच चुकीचं निदान बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झालं होतं. १९७० च्या दशकात तिथं कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात मागं पडत होते. उरी ट्राइझमन या तरुण गणितज्ञानं प्राध्यापकांना कारण विचारलं. उत्तरं ठरलेली होती: जिद्द नाही, शाळेतला पाया कच्चा, घरचं पाठबळ नाही. ट्राइझमन यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्यात वावरून पाहिलं. प्राध्यापकांचा एकही अंदाज टिकला नाही. कृष्णवर्णीय मुलं सांगितलेले तास भरून अभ्यास करत होती, पण एकटीच. शाळेत एकट्यानं नेटानं अभ्यास केल्यामुळेच तर ती इथवर पोचली होती. चिनी वंशाची मुलं आपापला अभ्यास झाला की संध्याकाळी एकत्र बसत, उत्तरं ताडून बघत, जुने पेपर सोडवत. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही, तर ते गणितच अवघड आहे हे त्यांना कळायचं. एकट्या मुलाला वाटायचं, दोष आपल्यातच आहे.

ट्राइझमन यांनी यावर कच्च्या मुलांचा जादा तास काढला नाही. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली आणि ती गटानं सोडवायला बसवलं. त्या गटांतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल पालटले. मला यातली गणितांची निवड सर्वांत मोलाची वाटते. सोपं काम देऊन दाखवलेल्या दयेपेक्षा अवघड काम देऊन दाखवलेला विश्वास मुलाला जास्त स्पष्ट कळतो.

असं एकत्र बसून शिकणं आपल्याकडे नवं नाही. १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील आधी वसतिगृहं उभारत होते. वेगवेगळ्या जातींची, खेड्यातली, घरात अक्षर नसलेली मुलं एका छपराखाली राहत, स्वयंपाक करत, शेतात राबत, अभ्यास करत. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात १९४७ पासून ‘कमवा आणि शिका’ आलं. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा मराठवाड्यातल्या कित्येक घरांतला पहिला पदवीधर तिथं घडला. ‘माइंडसेट’ हा शब्द तेव्हा कुणी ऐकला नव्हता. पण शेजारच्या सतरंजीवरचा मुलगाही अडखळतोय आणि तरी शिकतोय, हे तिथं रोज दिसत होतं.

म्हणून ‘सकारात्मक विचार करा’ या विषयावर एक व्याख्यान ठेवून, हारतुरे आटोपून कॉलेजचं कर्तव्य संपत नाही. डेव्हिड यीगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ६५ शाळांमधल्या नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर प्रयोग केला आणि त्यातल्या साधारण निम्म्यांना मेंदू कसा वाढतो हे तासाभरापेक्षा कमी वेळात संगणकावर शिकवलं. हे शिकलेल्यांपैकी मागं पडलेल्या मुलांचे गुण सरासरी ०.१ ग्रेड पॉइंटनं वाढले. हा अभ्यास २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. एवढ्या छोट्या उपायाला हा परिणाम चांगलाच, पण तो जादू नव्हे. त्याच प्रकल्पातून २०२२ मध्ये आलेला निष्कर्ष आपल्या शिक्षकांनी भिंतीवर लावावा असा आहे: गणितात हा उपाय लागू पडला तो ज्यांच्या शिक्षकांचाही बुद्धी वाढते यावर विश्वास होता, त्या मुलांना. बी पेरलं तरी जमीन शिक्षकाची लागते.

जमीन तयार करायला फार पैसा लागत नाही. पहिल्या तासाला शिक्षकानं स्वतः कुठं अडलो होतो ते सांगावं. केबिनमध्ये ‘या’ म्हणून थांबू नये. पहिल्या महिन्यात प्रत्येकाला दहा मिनिटं वेळ ठरवून बोलवावं. निकालाच्या आठवड्यात फोटोकॉपीचा अर्ज, त्याची मुदत, पुनर्मूल्यांकनाचे नियम मराठीत नोटीस बोर्डावर लावावेत, कारण मुदत थोड्या दिवसांची असते आणि गप्प बसलेल्या मुलाचे तेच दिवस हातचे जातात. आलेली उत्तरपत्रिका त्याच्याबरोबर बसून वाचावी: इथं सूत्र बरोबर, इथं पायरी गाळली, इथं वेळ संपला. ‘आणखी मेहनत कर’ एवढंच सांगणं निर्दयपणाचं आहे; तो मेहनत करतोच आहे, कशी करायची ते सांगा. आणि जो मुलगा संध्याकाळी दुकानात काम करून मेसचे पैसे भरतो, त्याच्या थकव्याला वृत्तीचा दोष म्हणू नका. त्याला शिष्यवृत्ती वेळेवर हवी आहे.

पालकांनाही शब्द हवेत. प्रवेशाच्या दिवशी आई-बाप कॉलेजात येतात, कोपऱ्यात उभे राहतात, सह्या करून परततात. त्याच दिवशी त्यांना केटी काय असते ते समजावून सांगा. मग फोनवर आई “झालास ना पास?” याच्याऐवजी “कुठला विषय राहिला, कधी द्यायचा?” असं विचारू शकेल.

तुम्ही पदवीधर असाल, तर तुमच्या गावातलं, सोसायटीच्या वॉचमनच्या किंवा तुमच्याकडे काम करणाऱ्या ताईंच्या घरातलं कुणीतरी यंदा कॉलेजात गेलं असेल. प्रवेशाचे पेढे तुम्ही खाल्ले असतील. निकालाच्या आठवड्यात त्या मुलाला, त्या मुलीला फोन करा. किती मार्क पडले हे विचारण्याआधी तुमचे कुठले विषय राहिले होते आणि ते कसे सुटले, ते सांगा.