गुपित नेमके कुणाचे?

शाळेत वीस-बावीस वर्षे काढली की माणसाकडे इतरांची गुपितेही साठत जातात. कुणाच्या घरातला कलह, कुणाचे पतसंस्थेचे थकलेले हप्ते, कुणाची लेक माहेरी परतलेली. मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता या गोष्टी आपल्या पदरात पडतात आणि शेवटी एकच वाक्य येते, "आपा, तुमच्यातच ठेवा."

मी ठेवतेही. एका सहकारी सरांच्या मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत. गेली नऊ वर्षे ते मला ठाऊक आहे आणि माझ्या शौहरांनाही मी ते सांगितलेले नाही. ते नियमित औषध घेतात, उत्तम शिकवतात, त्यांच्या आजाराने कुणाचे काही बिघडत नाही. ती त्यांची अमानत आहे. बोलता बोलता एखाद्याने इकडेतिकडे वळून पाहिले, तरी ती गोष्ट अमानत समजावी, अशा अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. 'कुणाला सांगू नका' असे त्याने तोंडाने म्हणायचीही गरज नाही.

पण एका पावसाळ्याच्या अखेरीस माझ्यासमोर जे गुपित आले, त्याने माझी ही समजूत अपुरी ठरवली.

धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या भागात तेव्हा सोयाबीनची काढणी सुरू होती. निम्मी मुले आईवडिलांबरोबर शेतात, वर्ग अर्धे रिकामे. आमच्याकडे शिक्षण सेवक म्हणून लागलेली एक तरुण मॅडम माझ्याजवळ येऊन बसली. तिने दोनदा दाराकडे पाहिले. मग हळू आवाजात सांगितले की, पाचवीतल्या एका मुलीने तिला शाळेतल्या एका कर्मचाऱ्याबद्दल काही सांगितले आहे. शाळा सुटल्यावर तो तिला काहीतरी कामाच्या निमित्ताने थांबवून घेतो. पुढचे इथे लिहीत नाही, वाचकांनी समजून घ्यावे. "मला त्या खोलीकडं पाठवू नका," असे ती मुलगी म्हणाली होती.

"आपा, कुणाला सांगू नका. माझी तीन वर्षं भरायला अजून आठ महिने आहेत. माझं नाव पुढं आलं तर मला कायम करतील का? घरी अम्मी आजारी, भाऊ शिकतोय."

तिचा चेहरा पाहून मी म्हणाले, "बरं, नाही सांगत."

हा शब्द मी द्यायला नको होता. तो दिला आणि दोन रात्री झोप आली नाही. मन एकेक कारण पुढे करत होते. लेकरे वाढवून सांगतात. तो माणूस निर्दोष निघाला तर? त्यालाही मुलेबाळे आहेत. शाळेचे नाव जाईल. या बिचारीची नोकरी जाईल. आणि सर्वात आतले कारण हे की, मला स्वतःला या भानगडीत पडायचे नव्हते.

तिसऱ्या दिवशी पाचवीच्या वर्गाची हजेरी घेताना त्या मुलीच्या नावापुढे सलग दुसऱ्यांदा गैरहजेरी मांडली. शेजारची मुलगी म्हणाली, "तिचं पोट दुखतंय." पेन तिथेच थांबले. हे गुपित मी माझ्या सहकारिणीचे समजून सांभाळत होते. पण ते तिचे नव्हतेच. ते त्या लेकराचे होते. आणि त्या लेकराने ते लपवायला सांगितले नव्हते. कुणीतरी काहीतरी करावे म्हणूनच तर तिने तोंड उघडले होते.

भगिनींनो, आपण अमानतीची पहिली गोष्ट लक्षात ठेवतो आणि दुसरी विसरतो. बैठकीतल्या गोष्टी अमानत आहेत, पण नाहक रक्त सांडायचे असेल, कुणाच्या अब्रूवर हात पडणार असेल किंवा कुणाचा माल अन्यायाने लुटला जाणार असेल, तर त्या बैठकीला ती सवलत नाही, अशा आशयाची रिवायत अबू दाऊदमध्ये आहे. आणि जुलूम करणाऱ्या भावालाही मदत करा, म्हणजे त्याचा हात धरा, ही शिकवण तर आपण मुलांनाही पाठ करून देतो.

कायदाही इथे स्पष्ट आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्याला समजले, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवले पाहिजे. शिक्षक, शेजारी, नातेवाईक, कुणीही याला अपवाद नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मात्र ज्याने चांगल्या हेतूने कळवले, त्याच्यावर त्यामुळे कोणतीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे पुरावा गोळा करणे, खरेखोटे ठरवणे हे आपले काम नाही. माणूस निर्दोष असेल तर तेही तपासातूनच पुढे येईल.

आपल्याच राज्यातली दोन प्रकरणे पाहा. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना प्रकार समजला असूनही त्यांनी पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला. पण २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे सांगितले. वेळेवर कळवले तर वैद्यकीय तपासणी वेळेवर होते, उशीर झाला की पुरावा नाहीसा होतो, हे त्यामागचे कारण. मी गमावलेल्या दोन रात्री ते वाचताना मला आठवल्या.

दुसरे बदलापूरचे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने पोलिसांना का कळवले नाही, असा सवाल केला. पुढे शाळेच्या चालकांवरही न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. शाळेचे नाव जपण्यासाठी गप्प बसावे, तर त्या गप्प बसण्यानेच नाव जाते.

मी त्या दुपारी आधी मॅडमकडेच गेले. म्हटले, "मी तुला शब्द दिला होता, तो मोडते आहे. तुझ्या पाठीमागं नाही, तुझ्यासमोर सांगून मोडते. चल माझ्याबरोबर. नाही आलीस तरी मी जाणार आहे." ती रडली, माझ्यावर चिडली, पण आली. मुख्याध्यापक म्हणाले, "आधी आपण आपसांत चौकशी करू." मी त्यांच्यासमोरच १०९८ वर, मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन लावला. त्यानंतर तेही आमच्याबरोबर पोलीस ठाण्यात आले. प्रकरण न्यायालयात आहे. त्याहून अधिक सांगत नाही, कारण मुलीची ओळख कळेल असे काहीही उघड करायला कायद्याने मनाई आहे आणि ती योग्यच आहे.

म्हणून एक विनंती. अशी गोष्ट कानावर आली तर ती पोलिसांना सांगा, मोहल्ल्याला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एक अक्षरही नको. मुलीला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. "तुझी चूक नाही," एवढे मात्र तिला जरूर सांगा. बदनामी होईल म्हणून मुलीला घरी बसवू नका, तिच्या अब्रूला काही झालेले नाही. आपल्या मुलांच्या शाळेत सखी सावित्री समिती आहे का, तक्रारपेटी कोण उघडते, हे पालकसभेत उठून विचारा.

आणि कुणी म्हणाले, "आधी शब्द द्या, मग सांगते," तर मी आता शब्द देत नाही. म्हणते, "आधी ऐकते. गोष्ट तुझी असेल तर माझ्याबरोबर कबरीत जाईल. दुसऱ्या कुणाच्या जिवाची असेल तर आपण दोघी मिळून वाट काढू."

मॅडमची नोकरी कायम झाली. पण ती पुढे कित्येक महिने माझ्याबरोबर जेवायला बसली नाही आणि आजही घरची गोष्ट मला सांगत नाही. हे दुःख आहे, ते नाकारत नाही. ती मुलगी मात्र आता सातवीत आहे. परवा माझ्या टेबलापाशी येऊन तक्रार करत होती, "मॅडम, तुम्ही गृहपाठ फार देता."

मी तो निम्मा केला.