सब्जेक्ट म्हणजे कर्ता नव्हे

इंग्रजी वाक्याचे सब्जेक्ट आणि प्रेडिकेट असे दोन भाग पाडताना मुलांच्या हाती एक सूत्र दिले जाते: क्रियापदाला ‘कोण?’ असे विचारा, उत्तर येईल तो सब्जेक्ट. सोप्या वाक्यांत ते चालते, आणि त्याच भरवशावर पुढे घात होतो.

गैरसमज: काम करणारा तोच सब्जेक्ट.

वस्तुस्थिती: ‘द थीफ वॉज कॉट बाय द पोलीस’. पकडले पोलिसांनी, पण सब्जेक्ट आहे ‘द थीफ’. ‘इट इज रेनिंग’ यातले ‘इट’ तर काहीच करत नाही. मराठी मुलांची इथे जास्त अडचण होते, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने चिंच खाल्ली’: खाणारा एकच, पण क्रियापद फळाप्रमाणे बदलले. इंग्रजीत फळ कोणतेही असो, ‘एट’ ते ‘एट’च. ‘मला आंबे आवडतात’ यात क्रियापद आंब्यांशी जुळते, ‘आय लाइक मँगोज’ यात ‘आय’शी. म्हणून मराठी अर्थ लावून इंग्रजी सब्जेक्ट शोधायला जाऊ नये.

त्यापेक्षा वाक्याचा हो-नाही प्रश्न करून पाहावा. ‘द बॉक्स ऑफ मँगोज इज हेवी’ याचा प्रश्न होतो ‘इज द बॉक्स ऑफ मँगोज हेवी?’ पुढे आलेल्या ‘इज’च्या लगेच मागे बसलेला अख्खा गट हा सब्जेक्ट. त्यातला मुख्य शब्द ‘बॉक्स’, म्हणून शेजारी ‘मँगोज’ असूनही ‘आर’ येत नाही. ‘शी सिंग्ज’सारख्या वाक्यात प्रश्नासाठी ‘डज’ आणावे लागते, एवढाच फरक. एका ठिकाणी मात्र वाद आहे. ‘देअर आर टू बुक्स ऑन द टेबल’ यात शालेय पुस्तके ‘टू बुक्स’ला सब्जेक्ट मानतात, ही कसोटी मात्र ‘देअर’कडे बोट दाखवते. व्याकरणकारांतच दोन मते आहेत, आणि ती वर्गात मोकळेपणाने सांगावीत.

गैरसमज: प्रेडिकेट म्हणजे क्रियापद.

वस्तुस्थिती: क्रियापद हा त्याचा गाभा. साध्या विधानात सब्जेक्ट वगळून जे उरते ते सगळे प्रेडिकेट.

गैरसमज: कोणते क्रियापद सकर्मक, कोणते अकर्मक, हे पाठ करता येते.

वस्तुस्थिती: ‘ग्रो’ हे एकच क्रियापद घ्या. ‘फार्मर्स ग्रो ऑनियन्स’: कांदे हे कर्म, क्रियापद सकर्मक. ‘ऑनियन्स ग्रो हिअर’: कर्म नाही, अकर्मक. ‘द ओल्ड मॅन ग्रू टायर्ड’: इथे म्हातारा काही पिकवत नाही आणि वाढतही नाही. ‘ग्रू’ काढून ‘वॉज’ घातले तरी वाक्य टिकते, म्हणजे हे जोडणारे, लिंकिंग क्रियापद. ‘इज’ नेहमी सहायकच असते हाही असाच समज. ‘शी इज सिंगिंग’ यात ते सहायक आहे, ‘शी इज अ डॉक्टर’ यात मुख्य. ‘आय हॅव अ पेन’ आणि ‘आय हॅव ईटन’ यांतल्या ‘हॅव’चेही तेच. प्रकार विचारायचा तर आधी पूर्ण वाक्य फळ्यावर हवे; सुट्या क्रियापदांच्या याद्या घोकून घेण्यात मुलांचा वेळ वाया जातो.