बर्गर प्रकरण

बर्गर प्रकरण : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राष्ट्रीय अभिलेखागारातून गोपनीय कागदपत्रे अनधिकृतपणे बाहेर नेल्याचे एक गाजलेले राजकीय प्रकरण (२००३–०५). राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार (१९९७–२००१) सॅम्युएल ऊर्फ सँडी बर्गर (१९४५–२०१५) हे या प्रकरणातील प्रमुख व्यक्ती होत. गुप्ततेच्या भंगाइतकेच त्यावर वृत्तपत्रांत व दूरचित्रवाणीवर उमटलेल्या प्रतिक्रियांमुळेही हे प्रकरण अभ्यासनीय ठरले आहे.

पार्श्वभूमी : राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकालातील कागदपत्रे ही खाजगी मालमत्ता नसून राष्ट्राची मालमत्ता होय, हे तत्त्व १९७८ च्या अध्यक्षीय अभिलेख अधिनियमाने प्रस्थापित केले. त्यानुसार पदमुक्तीनंतर ही कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात जातात. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांची चौकशी सुरू झाल्यावर क्लिंटन यांच्या कारकीर्दीतील कागदपत्रे चौकशी-यंत्रणांपुढे ठेवणे आवश्यक झाले. ती आधी तपासून पाहण्याचे काम क्लिंटन यांच्या वतीने बर्गर यांच्याकडे आले. त्यासाठी मे २००२ मध्ये आणि जुलै, सप्टेंबर व ऑक्टोबर २००३ मध्ये ते वॉशिंग्टन येथील अभिलेखागारात गेले.

घटना : १९९९ च्या अखेरीस नव्या सहस्रकाच्या प्रारंभी होऊ घातलेल्या दहशतवादी हल्ल्यांचा धोका शासनाने कसा हाताळला, याचा आढावा दहशतवादविरोधी विभागाचे प्रमुख रिचर्ड क्लार्क यांनी घेतला होता. या आढाव्याच्या निरनिराळ्या पाठांच्या पाच प्रती बर्गर यांनी सप्टेंबर व ऑक्टोबर २००३ मधील भेटींत अंगावरील कपड्यांत लपवून बाहेर नेल्या. स्वतः काढलेली टिपणेही त्यांनी तपासणीविना नेली. संशय आल्यामुळे कर्मचाऱ्यांनी अखेरच्या भेटीपूर्वी कागदांवर क्रमांक घातले होते. त्यावरून कागद गहाळ झाल्याचे उघड झाले. विचारणा झाल्यावर बर्गर यांनी दोन प्रती परत केल्या. उरलेल्या तीन त्यांनी कात्रीने कापून टाकल्या होत्या.

प्रसारमाध्यमांतील प्रतिक्रिया : न्यायखात्याची चौकशी अनेक महिने गुप्तपणे चालली. तिची बातमी १९ जुलै २००४ रोजी प्रसिद्ध झाली. त्या वेळी बर्गर हे अध्यक्षपदासाठी उभे असलेले डेमॉक्रॅटिक पक्षाचे जॉन केरी यांचे अनौपचारिक सल्लागार होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते काम सोडले. २२ जुलै रोजी ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांविषयीच्या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध व्हावयाचा होता व त्यानंतर काही दिवसांतच डेमॉक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरणार होते. त्यामुळे कृत्यापेक्षा बातमीच्या मुहूर्ताचीच चर्चा अधिक झाली. आयोगाच्या अहवालावरून लक्ष उडविण्यासाठी ही बातमी फोडण्यात आली, असा डेमॉक्रॅटिक बाजूचा आरोप होता. तर क्लिंटन यांच्या कारकीर्दीतील उणिवा झाकण्यासाठीच कागद पळविण्यात आले, असे रिपब्लिकन बाजूचे भाष्यकार सांगत होते. बर्गर यांनी कागद मोज्यांत लपविले, या वार्तेला विनोदी कार्यक्रमांत व व्यंगचित्रांत भरपूर स्थान मिळाले. बर्गर यांच्या बाजूने तिचा इन्कार करण्यात आला आणि ती पुढेही सिद्ध झाली नाही.

या वादात तीन प्रश्न एकमेकांत मिसळले गेले. पहिला हेतूचा. केवळ निष्काळजीपणामुळे हे घडले, असे बर्गर यांनी प्रारंभी सांगितले होते आणि सहानुभूती बाळगणाऱ्या भाष्यकारांनी त्यावरच भिस्त ठेवली. तथापि १ एप्रिल २००५ रोजी न्यायालयात त्यांनी कागद जाणूनबुजून नेल्याचे मान्य केले, तेव्हा हा युक्तिवाद निराधार ठरला. दुसरा प्रश्न कागदांच्या स्वरूपाचा. नष्ट झालेल्या तीनही केवळ प्रती होत्या व मूळ मजकूर सुरक्षित आहे, असे न्यायखात्याचे म्हणणे होते. वॉल स्ट्रीट जर्नल या पुराणमतवादी दैनिकाच्या संपादकीय पृष्ठानेही एप्रिल २००५ मध्ये ते मान्य करून अधिक सनसनाटी तर्कांना विरोध केला. आपल्या पक्षाला सोयीचा तर्क डावलून वस्तुस्थितीला मान देण्याचे हे उदाहरण त्या गदारोळात उठून दिसते. तिसरा प्रश्न मुहूर्ताचा. त्याचा निर्णायक उलगडा झाला नाही.

शिक्षा व अहवाल : बर्गर यांच्यावर सौम्य स्वरूपाच्या गुन्ह्याचा आरोप ठेवण्यात आला होता. सरकारी पक्षाने १०,००० डॉलर दंडाची शिफारस केली. परंतु न्यायालयाने सप्टेंबर २००५ मध्ये ५०,००० डॉलर दंड, दोन वर्षे परिवीक्षा आणि १०० तास समाजसेवा अशी शिक्षा दिली. गोपनीय कागद पाहण्याचा अधिकारही त्यांनी तीन वर्षांसाठी गमावला. २००७ मध्ये त्यांनी वकिलीची सनद सोडून दिली.

अभिलेखागाराच्या महानिरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २००६ मध्ये उजेडात आला. कागद काही काळ एका बांधकामाच्या जागी उभ्या असलेल्या ट्रेलरखाली लपविले होते, हा त्यातील तपशील वृत्तपत्रांनी ठळकपणे छापला. अधिक गंभीर बाब मात्र दुर्लक्षित राहिली. बर्गर यांना कागद सुरक्षित वाचनकक्षाऐवजी एका अधिकाऱ्याच्या कार्यालयात पाहू देण्यात आले होते, तसेच आधीच्या भेटींत दाखविलेल्या मूळ कागदांची एकेका कागदागणिक सूची केलेली नव्हती. त्यामुळे त्या भेटींत काही गहाळ झाले किंवा नाही, हे निश्चितपणे सांगण्याचे साधनच उरले नाही. काँग्रेसमधील रिपब्लिकन सदस्यांच्या जानेवारी २००७ मधील अहवालाने याच मुद्द्यावर भर दिला. कोणताही मूळ कागद गेल्याचे सिद्ध झाले नाही, हे खरे. पण गेला नसल्याचेही सिद्ध करता येत नाही, ही स्थिती कोणत्याही अभिलेखागाराच्या दृष्टीने चिंताजनक होय.

महत्त्व : पुढील काळात अशी अनेक प्रकरणे घडली. २०१५ मध्ये सेनानी डेव्हिड पेट्रेअस यांना दोन वर्षे परिवीक्षा व १,००,००० डॉलर दंड झाला. हिलरी क्लिंटन यांच्या ई-मेल प्रकरणी २०१६ मध्ये खटला भरण्यात आला नाही. डॉनल्ड ट्रंप यांच्यावर २०२३ मध्ये ठेवलेले आरोप न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केले, तर जो बायडन यांच्यावर खटला भरण्याची गरज नसल्याचा निष्कर्ष विशेष अभियोक्त्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. या प्रकरणांतील तथ्ये परस्परांहून पुष्कळ भिन्न आहेत. परंतु प्रत्येक वेळी आरोपी कोणत्या पक्षाचा, यावरून गुन्ह्याची गुरुता ठरविण्याची प्रवृत्ती दिसून आली. कोणता कागद, कोणी, कोणत्या हेतूने नेला व नोंदींच्या आधारे ते पडताळता येते काय, हे प्रश्न पक्षनिरपेक्ष आहेत. ते मागे पडले की हानी केवळ गुप्ततेची होत नाही. भावी पिढ्यांना आपल्या शासनाचा इतिहास ज्यांवरून पडताळावयाचा, त्या नोंदींच्या विश्वासार्हतेचीही होते.